अमेरिकेचं यादवी युद्ध : इतक्या लढाया जिंकूनही दक्षिणेकडचे हरले कसे?

वहीपेन

नमस्कार मंडळी. गेले दोनेक महिने अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल वाचतोय, १८६१ ते १८६५, म्हणजे गुलामगिरीच्या प्रश्नावरून देशातून फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं विरुद्ध लिंकनचं सरकार, ज्याला नुसतं उत्तर म्हणतात. वाचलेलं डोक्यात राहावं म्हणून वहीत तक्ता करत गेलो, लढाई, तारीख, दोन्हीकडचे सेनापती आणि शेवटच्या रकान्यात कोण जिंकलं. आता तो तक्ता समोर ठेवून बसलोय आणि काही केल्या हिशोब लागत नाहीये. पहिली बुल रन दक्षिण, मनॅसस दक्षिण, रिचमंडजवळच्या सात दिवसांच्या लढाया दक्षिण, दुसरी बुल रन दक्षिण, फ्रेडरिक्सबर्ग दक्षिण, चॅन्सलर्सव्हिल दक्षिण. म्हणजे मे १८६३ पर्यंत दक्षिणेचंच पारडं जड, मग जुलैत गेटिसबर्गला हरले आणि तिथून सगळं फिरलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. एका लढाईने असं होतं का? आणि झालं असेल तर पुढे पावणेदोन वर्षं युद्ध चाललं कशाच्या जोरावर?

फ्रेडरिक्सबर्गचं वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. १३ डिसेंबर १८६२, टेकडीच्या पायथ्याशी दगडी भिंत, भिंतीमागे दक्षिणेचे बंदूकवाले, आणि समोरच्या उघड्या उतारावरून उत्तरेच्या पलटणी एकामागून एक येतायत, एक पडली की दुसरी, दिवसभर, आणि भिंतीपर्यंत एकही पोचत नाही. उत्तरेचे साडेबारा हजारांच्या वर मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, दक्षिणेचे साधारण पाच हजार. एवढा मार खाऊन ती फौज पुन्हा उभी कशी राहिली हेच मला कळत नाही.

तर विचारायचंय हे की नेमक्या कोणत्या लढायांनी युद्ध फिरवलं, आणि "जिंकलं" या रकान्यात मी काय बघायला हवं होतं? सविस्तर लिहिलंत तरी चालेल, सावकाश वाचेन.

नदीकाठ

वहीपेन, आधी एक दुरुस्ती. बुल रन आणि मनॅसस या दोन लढाया नाहीत, एकच आहे, २१ जुलै १८६१ ची. उत्तरेकडचे बऱ्याचदा जवळच्या ओढ्या-नदीवरून लढाईला नाव द्यायचे आणि दक्षिणेकडचे जवळच्या गावावरून. तसंच अँटिएटम म्हणजेच शार्प्सबर्ग, स्टोन्स रिव्हर म्हणजे मर्फ्रीसबरो. तक्ता करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून हे होतं, त्यामुळे दक्षिणेचा एक विजय आत्ताच कमी करा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलेले दक्षिणेचे सगळे विजय एकाच राज्यातले आहेत, व्हर्जिनियातले. वॉशिंग्टन ते रिचमंड अंतर जेमतेम १६० किलोमीटर, दोन्ही राजधान्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या, वर्तमानपत्रवाले तिथेच, त्यामुळे तिथल्या लढाया गाजल्या. आणि तिथे जून १८६२ पासून दक्षिणेच्या फौजेवर ली होता, तो खरोखरच विलक्षण सेनापती होता, त्यात वाद नाही. पण त्याच काळात ॲपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेला काय चाललं होतं ते तुमच्या वहीत नाही, आणि युद्धाचा निकाल मुख्यतः तिकडे लागला असं माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारी १८६२ बघा. टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री आणि कंबरलँड नदीवरचा फोर्ट डोनेल्सन, दोन्ही दहा दिवसांच्या आत पडले. डोनेल्सनला किल्लेदाराने तहाच्या अटी विचारल्या तेव्हा उत्तरेचा सेनापती ग्रँट याने कळवलं की बिनशर्त शरण या, दुसरी अट नाही. बारा हजारांवर माणसं कैद झाली. लढाई म्हणून ती फ्रेडरिक्सबर्गच्या पासंगालाही पुरणार नाही, पण दोन नद्या उत्तरेच्या आगबोटींना मोकळ्या झाल्या आणि महिना संपायच्या आत टेनेसीची राजधानी नॅशव्हिल गेली, दक्षिणेची हातातून गेलेली ती पहिली राज्य-राजधानी.

मग एप्रिलमध्ये शायलो. ६ तारखेला पहाटे ग्रँटची छावणी गाफील होती, दक्षिणेने अचानक हल्ला चढवला आणि संध्याकाळपर्यंत उत्तरेची फौज नदीला पाठ लावून उभी. त्या दुपारी दक्षिणेचा सेनापती ॲल्बर्ट सिडनी जॉन्स्टन गेला. गुडघ्यामागे गोळी लागली, रक्त बुटात साचत गेलं, आणि त्याने आपला डॉक्टर थोड्या वेळापूर्वीच जखमींकडे पाठवून दिला होता, त्या जखमींत शत्रूचेही होते. रक्त थांबवायचा पट्टा त्याच्याच खिशात होता. मला हा माणूस चुकीच्या बाजूने लढला असं वाटतं, तरी ही गोष्ट वाचली की गलबलून येतं. रात्री पावसात उत्तरेच्याच ब्युएलची कुमक पोचली आणि दुसऱ्या दिवशी ग्रँटने सगळं मैदान परत घेतलं. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांच्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्याच महिन्याच्या शेवटी उत्तरेच्या फॅरागटच्या आरमाराने न्यू ऑर्लिन्स घेतलं, दक्षिणेचं सगळ्यात मोठं शहर.

म्हणजे ज्या उन्हाळ्यात ली रिचमंड वाचवत होता त्याच उन्हाळ्यापर्यंत दक्षिणेची मागची बाजू उघडी पडली होती. उरलं होतं विक्सबर्ग, त्यावर वेगळं लिहितो, ते दोन ओळींत आटपण्यासारखं नाही.

मधलंपान

नदीकाठ यांचं पटतंच, पण "जिंकलं" या रकान्याबद्दल मला अँटिएटमवर लिहायचंय कारण त्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

१७ सप्टेंबर १८६२, मेरीलँड. ली पहिल्यांदाच उत्तरेत शिरला होता. आणि घडलं असं की उत्तरेच्या काही शिपायांना दक्षिणेने सोडलेल्या तळावर गवतात एक पुडकं सापडलं, तीन सिगार आणि त्यांना गुंडाळलेला कागद. तो कागद म्हणजे लीचा हुकूम, फौजेचा कोणता तुकडा कुठे जाणार ते सगळं त्यात. विखुरलेल्या शत्रूची अख्खी मांडणी उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याच्या हातात आली आणि तरीही तो इतका सावकाश हलला की लीने बऱ्यापैकी फौज गोळा केली. मग मक्याच्या शेतात, खोलगट वाटेत, पुलावर अशी दिवसभर कापाकापी, एका दिवसात साधारण तेवीस हजार मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात लढाईत इतकी माणसं कधीच पडलेली नाहीत. मॅक्लेलनकडे न वापरलेली ताजी फौज शिल्लक होती, ती त्याने पुढे घातलीच नाही. ली एक दिवस थांबून रात्रीत पोटोमॅक ओलांडून परत गेला.

आता रकान्यात काय लिहाल? मैदानावर बरोबरीच म्हणावी लागेल. पण लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा मसुदा जुलैतच तयार ठेवला होता, आणि त्याचा मंत्री सिवर्ड त्याला म्हणाला होता की एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर हरत आलेल्या सरकारची शेवटची धडपड वाटेल. ली परत गेला एवढं लिंकनला पुरलं. २२ सप्टेंबरला त्याने जाहीर केलं की बंडखोर राज्यांतले गुलाम १ जानेवारी १८६३ पासून मुक्त. त्याआधी इंग्लंड आणि फ्रान्स दक्षिणेला देश म्हणून मान्यता द्यायच्या विचारात होते, पण आता गुलामगिरीच्या बाजूने उघड उभं राहणं त्यांना जड जाणार होतं. एका अनिर्णित लढाईने युद्ध कशासाठी चाललंय हेच बदललं. मला तर वाटतं गेटिसबर्गपेक्षा हा दिवस मोठा.

मॅक्लेलनला नोव्हेंबरात लिंकनने काढलं. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतं.

नदीकाठ

विक्सबर्ग लिहितो म्हणालो होतो. मिसिसिपी नदी तिथे केसात लावायच्या पिनेसारखं वळण घेते आणि त्या वळणावर उंच कडा, कड्यावर तोफा. खालून जाणारी प्रत्येक बोट तोफांच्या टप्प्यात. ते ठाणं दक्षिणेकडे असेपर्यंत टेक्सास, आर्कान्सा, लुइझियानाची माणसं, गुरं, धान्य नदी ओलांडून येत होतं. ग्रँटने सगळा हिवाळा खटपट केली, कालवा खणून बघितला, दलदलीतून वाटा काढून बघितल्या, एकही जमली नाही आणि उत्तरेत त्याला काढा म्हणून ओरड सुरू झाली.

मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेच्या आरमारातल्या पोर्टरच्या बोटी अंधारात, तोफांच्या माऱ्याखालून सरळ खाली निघून गेल्या. फौज पलीकडच्या काठाने चिखलातून चालत दक्षिणेला गेली आणि ३० एप्रिलला त्याच बोटींनी नदी ओलांडून अलीकडे आली. इथे कुठलाही सेनापती सरळ विक्सबर्गवर गेला असता, ग्रँट आधी पूर्वेला जॅक्सन शहराकडे वळला, म्हणजे मदतीला येणारी फौज आणि विक्सबर्गची फौज यांची गाठच पडू द्यायची नाही. रसदीची लांबलचक रांग मागे ठेवायची नाही, पोट बरंचसं वाटेतल्या मुलखावर भरायचं. १ ते १७ मे, सतरा दिवसांत पाच लढाया, पाचही जिंकल्या. चॅन्सलर्सव्हिल त्याच पंधरवड्यातली आहे हे तुमच्या तक्त्यात शेजारी शेजारी लिहून बघा!

विक्सबर्गवरचे दोन थेट हल्ले मात्र फसले, म्हणून वेढा घातला, ४७ दिवस. शहरातल्या लोकांनी टेकडीच्या मातीत गुहा खणल्या आणि पोराबाळांसकट तिथे राहिले. खायला खेचराचं मांस आलं. वर्तमानपत्राचा कागद संपला तेव्हा भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या कोऱ्या बाजूवर अंक छापला. ४ जुलैला तिथला दक्षिणेचा सेनापती पेंबर्टन शरण आला, साधारण एकोणतीस हजार माणसांसकट. पाच दिवसांनी खालचं पोर्ट हडसनही पडलं आणि नदी उगमापासून समुद्रापर्यंत उत्तरेची झाली, दक्षिणेचे दोन तुकडे. गेटिसबर्गहून ली निदान फौज घेऊन परत गेला, इथे अख्खी फौजच संपली.

तोफखाना

गेटिसबर्गला इतकं खाली ढकलू नका राव. मी पश्चिमेचं महत्त्व मानतो पण लोकांची हिंमत कशावर टिकते तेही बघायला हवं. चॅन्सलर्सव्हिलला लीने आपल्याहून दुपटीने मोठ्या फौजेला हरवलं होतं, उत्तरेत लोक म्हणत होते की हा माणूस हरतच नाही. ती जिंकताना त्याचा उजवा हात मानला जाणारा सेनापती जॅक्सन मात्र गेला, त्याला अंधारात स्वतःच्याच शिपायांच्या गोळ्या लागल्या आणि आठ दिवसांनी तो न्यूमोनियाने गेला, हेही जिंकलेल्या लढाईच्या हिशोबात धरायचं असतं.

मग ली पेन्सिल्व्हेनियात शिरला. १ जुलैला गेटिसबर्गला दोन्ही फौजा तशा अवचितच भिडल्या, उत्तरेला गावातून मागे रेटलं पण त्यांनी गावामागची उंच जागा धरली, सगळं त्यावर अवलंबून राहिलं. दुसऱ्या दिवशी लिटल राउंड टॉप या टेकडीवर उत्तरेच्या मेन राज्यातल्या विसाव्या पलटणीची काडतुसं संपत आली तेव्हा त्यांनी संगिनी लावून उतारावरून खाली धाव घेतली. आणि तिसरा दिवस, ३ जुलै. दक्षिणेची साधारण साडेबारा हजार माणसं जवळजवळ दीड किलोमीटर उघड्या शेतातून, तोफांसमोर, ओळी धरून चालत गेली. वहीपेन, तुम्हाला फ्रेडरिक्सबर्गने झोपू दिलं नाही ना, इथे तेच उलट झालं, आता भिंतीमागे उत्तरेकडचे होते. निम्म्याच्या आसपास माणसं पडली. परत येणाऱ्यांना ली स्वतः पुढे होऊन सांगत होता की चूक माझी आहे. तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून मेलेले, जखमी आणि बेपत्ता पन्नास हजारांच्या घरात. जखमींना घेऊन परतणारी गाड्यांची रांग सतरा मैल लांब होती, पावसात, खड्ड्यांतून, एवढा एक आकडा डोळ्यांसमोर आणून बघा.

ऑगस्टमध्ये लीने राजीनामा देऊ केला, दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने घेतला नाही. त्यानंतर ली स्वतः फौज घेऊन एवढ्या मोठ्या चढाईवर उत्तरेत कधीच गेला नाही, एवढं फिरलं या लढाईने. युद्ध संपलं नाही कारण उत्तरेचा सेनापती मीड याने पाठलाग जोरात केला नाही, लिंकनने त्याला खूप कडक पत्र लिहिलं आणि शेवटी पाठवलं नाही.

वहीपेन

दोन शाईंनी नवा तक्ता करायला घेतलाय, पूर्व निळ्या आणि पश्चिम लाल. ३ आणि ४ जुलै शेजारी आल्यावर पान बघून अंगावर काटा आला. पण मग १८६४ चं काय? ग्रँट पूर्वेत आल्यावर तर तो लीकडून मारच खातोय असं दिसतं, विल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर.

पायवाट

वहीपेन, १८६४ समजायला एकच क्षण पुरे आहे. ५ आणि ६ मे, विल्डरनेस, दाट झाडी, धूर, समोरचा माणूस दिसत नाही, त्यात रानाला आग लागली आणि हलता न येणारे जखमी जिवंत जळाले, दोन्हीकडच्या शिपायांनी ते ओरडणं ऐकलं. दोन दिवसांत उत्तरेची सतरा-अठरा हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, तुमच्या रकान्यात फार तर बरोबरी येईल. याआधी प्रत्येक सेनापती अशा माराने नदीपलीकडे मागे गेला होता. ७ तारखेच्या रात्री फौज निघाली, रस्त्याचा फाटा आला आणि ग्रँट दक्षिणेकडे वळला. थकलेले, भाजलेले शिपाई अंधारात जयजयकार करायला लागले! त्यांना कळलं की आता मागे जायचं नाही.

पुढचा महिनाभर भयंकर होता. ३ जून, कोल्ड हार्बर, खंदकांवर समोरून हल्ला, काही तासांत हजारो माणसं. त्या हल्ल्याचा आपल्याला कायम पस्तावा राहिला असं ग्रँटने स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय. मला त्याचं समर्थन करायचं नाही. पण लीची माणसं जात होती ती भरून निघत नव्हती, आणि जूनमध्ये ग्रँट जेम्स नदी ओलांडून पीटर्सबर्गला जाऊन बसला, रिचमंडला रसद पोचवणाऱ्या आगगाड्यांच्या नाक्यावर. तिथे नऊ महिन्यांवर खंदकात ली अडकला, त्याचं सगळं कसब होतं हालचालीत आणि आता हालताच येत नव्हतं.

खरा धोका रणांगणावर नव्हता, नोव्हेंबरच्या निवडणुकीत होता. उत्तर थकली होती. २३ ऑगस्टला लिंकनने कागदावर लिहिलं की आपण बहुतेक निवडून येणार नाही, आणि मंत्र्यांकडून न वाचताच त्यावर सह्या घेतल्या. समोर उमेदवार कोण, तर तोच मॅक्लेलन, आणि त्याच्या पक्षाचा जाहीरनामा होता लढाई थांबवा. २ सप्टेंबरला उत्तरेचा सेनापती शर्मन याने दक्षिणेतलं अटलांटा शहर घेतलं आणि वारं फिरलं, ८ नोव्हेंबरला लिंकन मोठ्या फरकाने आला. अटलांटा पडलं नसतं तर दक्षिण एकही मोठी लढाई न जिंकता युद्ध जिंकू शकली असती, म्हणून माझ्या मते सगळ्यात निर्णायक अटलांटा.

दिवटी

सगळ्यांचं वाचलं, एक नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितेय. फोर्ट वॅग्नर, १८ जुलै १८६३, चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी. मॅसॅच्युसेट्सची चोपन्नावी पलटण, शिपाई सगळे कृष्णवर्णीय, संध्याकाळी वाळूच्या अरुंद पट्ट्यावरून किल्ल्यावर चालून गेली. त्यांचा कर्नल शॉ तटावर मारला गेला, किल्ला मिळाला नाही, तक्त्यात "दक्षिण जिंकली" असंच येईल. पण हे लोक लढतील का असं विचारणाऱ्यांची तोंडं त्या संध्याकाळी बंद झाली. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या लष्करात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय शिपाई होते, त्यातले कितीतरी कालपर्यंत गुलाम होते. आणि याच पलटणीला गोऱ्या शिपायाला १३ डॉलर असताना महिन्याला १० डॉलर देऊ केले, वर त्यातले ३ कपड्यांचे कापायचे. त्यांनी पगारच घेतला नाही. घरी बायकापोरं उपाशी, इकडे हे लढतायत, मरतायत, पण कमी पैसे घेणार नाही म्हणाले, १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पगार सारखा करेपर्यंत. मला या युद्धातली यापेक्षा मोठी लढाई माहीत नाही.

अजून एक, तक्त्यात जागा असेल तर. मेलेल्यांचा जुना धरलेला आकडा सव्वासहा लाखांच्या आसपास आहे, त्यातले जवळपास दोन तृतीयांश रोगांनी गेले, हगवण, विषमज्वर. त्यांच्या नावाची कुठली लढाई नाही.

वहीपेन

दिवटीताई, फोर्ट वॅग्नरला वेगळं पान दिलंय. शेवटचं विचारतो, लाल शाईच्या बाजूला चिकमॉगा हा दक्षिणेचा विजय आहे, सप्टेंबर १८६३, विक्सबर्गनंतरचा. त्याचं काय झालं?

नदीकाठ

चिकमॉगा पश्चिमेतला दक्षिणेचा सगळ्यात मोठा विजय, १९ आणि २० सप्टेंबर. दक्षिणेने व्हर्जिनियाहून आपला सेनापती लाँगस्ट्रीट याची माणसं आगगाडीने आणली होती. उत्तरेच्या बाजूला एका चुकीच्या हुकुमाने फळीत खिंडार पडलं आणि नेमके तिथूनच ते आत घुसले, उत्तरेचा सेनापतीसुद्धा पळाला, त्याच्या हाताखालचा एकटा थॉमस टेकडीवर संध्याकाळपर्यंत पाय रोवून राहिला म्हणून फौज वाचली. दोन्हीकडचे मिळून चौतीस हजार मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि त्यात जिंकणाऱ्यांचे जास्त.

पळालेली फौज चॅटनूगात कोंडली गेली, चोहोबाजूंच्या डोंगरांवर दक्षिणेच्या तोफा, खाली घोडी उपासाने मरायला लागली. ऑक्टोबरात ग्रँट आला, त्याने आधी रसदीची वाट उघडली. २५ नोव्हेंबरला मिशनरी रिजच्या पायथ्याचे खंदक घ्या एवढाच हुकूम होता. शिपायांनी ते घेतले, पण वरून गोळ्या येत होत्या, तिथे थांबणं म्हणजे मरण, म्हणून ते तसेच चढत सुटले. ग्रँट खालून बघत होता, चिडून शेजारच्यांना विचारायला लागला की यांना वर जायला सांगितलं कुणी. कुणीच सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत डोंगर उत्तरेचा होता, आणि पुढच्या मे महिन्यात शर्मन तिथूनच अटलांट्याला निघाला. चिकमॉगासमोर "दक्षिण" राहू द्या, फक्त चॅटनूगा त्याच ओळीत लिहा.